एक रिंग म्हणजे थेंब टाकला

ज्यांच्या घरात कोणाला कमी दिसू लागलं आहे आणि ते माणूस गावात एकटं राहतं, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे. कोणाला दाखवीन की नाही, माहीत नाही. मी चौथी शिकलेली आहे आणि चार माणसांत माझा आवाज निघत नाही. लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून जमतं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मला समजलं असं नाही. आमचं काय चुकलं ते मात्र पक्कं समजलं आहे, आणि तेच सांगायचं आहे.

माझं सासर रिसोडला. माय आसेगावला, तिच्या दोन खोल्यांच्या घरात. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ विलास पुण्याला कंपनीत आहे. मायचं वय सत्तरीच्या आसपास असेल, नक्की तिलाही माहीत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला गेली, पण कोणाचं मुकाट ऐकून घ्यायची सवय काही तिला लागली नाही. ती सगळी हिंमत तिने स्वतःकडेच ठेवली. मला थोडी दिली असती तर बरं झालं असतं.

*

सुरुवात अशी झाली की माय म्हणू लागली, "डाव्या डोयात धुकं बसल्यावानी वाटते." गावात ज्याला विचारलं तो एकच सांगे, मोतीबिंदू असेल, पिकला की काढून टाका. मायला ते पटलं. "कच्चं सीताफळ तोडते काय कोनी?" असं ती मलाच विचारायची. 

दोन वर्षं आम्ही पिकायची वाट पाहिली.

तेवढ्या काळात ती दारातून बाहेर पडताना डावा खांदा चौकटीला आपटायची. निंदताना तणासोबत तुरीची रोपं उपटली म्हणून शेतमालकीण तिला चार बायांत बोलली. ताटात डाव्या बाजूची चटणी तशीच राहायची आणि हात धुताना ती म्हणायची, "आज चटनी नाई वाढली काय वं?" आम्ही हसायचो. 

मग गावच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर आलं. मी मुद्दाम रिसोडहून आले होते. ज्यांना ऑपरेशनला न्यायचं, त्यांच्या कपाळावर त्या त्या डोळ्याच्या वर पांढरी चिकटपट्टी लावत होते. बाहेर गाडी उभी होती. माय दोन लुगडी आणि तांब्या पिशवीत भरून तयारीनेच गेली होती. तपासणाऱ्या मुलीने तिच्या डोळ्यात बराच वेळ बॅटरी मारली, दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं, आणि पट्टी न लावता तिला बाजूच्या बाकावर बसवलं.

"मले पट्टी काहून नाई लावली?"

"आजी, हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू वाटतो. अकोल्याला डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात जा. लवकर जा."

"म्हंजे अजून पिकला नाई?"

"तो पिकत नसतो, आजी."

पट्टीवाल्या बाया गाडीत बसून गेल्या. खिडकीतून त्यांनी हात हलवले. माय पिशवी मांडीवर घेऊन गाडी गेलेल्या बाजूला पाहत होती, आणि मला कळत नव्हतं की तिला ती गाडी दिसते आहे की नाही.

*

अकोल्याच्या दवाखान्यात पहिला दिवस नुसता रांगेत गेला. केस पेपरची रांग, डोळ्यात औषध टाकायची रांग, मग औषध चढेपर्यंत डोळे मिटून भिंतीला टेकून बसायचं. मला एका जागी बसवत नव्हतं. मी उगाच पाणी आणायला उठत होते. नाव पुकारलं आणि आपल्याला ऐकू आलं नाही तर, ही एकच भीती. विचारायला जायची हिंमत नव्हती. मायच मिटल्या डोळ्यांनी ओरडून विचारायची, "आमचा नंबर गेला काय वं बाई?"

एका अंधाऱ्या खोलीत मशीन होतं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोर बारीक ठिपके चमकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराशी उभी होते. मायचं बटण टक टक टक चालूच.

"आजी, दिसल्यावरच दाबा."

"दिसून राह्यलं ना बापा."

"आत्ता तर मी लाइट दाखवलाच नव्हता."

 बाहेर आल्यावर माय माझ्या कानात म्हणाली, "नापास करतीन ना मंग."

डॉक्टर मॅडमनी कागद समोर ठेवला. काळं म्हणजे गेलेलं, पांढरं म्हणजे उरलेलं. डाव्या डोळ्याचा कागद जवळजवळ सगळा काळा होता. उजव्याच्या मधोमध रुपयाच्या नाण्याएवढं पांढरं होतं आणि भोवती सगळीकडून काळं चढत आलं होतं. मॅडम म्हणाल्या, "डोळ्याच्या आतलं प्रेशर वाढतं आणि नस मरत जाते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायची तर थेंब रोज, वेळेवर, जन्मभर. एक दिवसही खाडा नको." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही सख्खी मुलगी. तुमचेही डोळे तपासून घ्या." मी घाबरून पुढच्या वेळी म्हटलं, पण पुढच्या वेळी खरंच तपासले. सध्या काही नाही, दर वर्षी दाखवायचं आहे. हे वाचणाऱ्यांनी आपल्या सख्ख्या भावंडांना हे जरूर सांगावं.

परतीच्या एस.टी.त माय म्हणाली, "टाकून दिसनार नाई, तं टाकायचं कायले?"

 मला सांगायचं होतं की उरलेलं जाऊ नये म्हणून. पण उरलेलं हा शब्द तिच्यासमोर तोंडातून निघेना.

*

त्या संध्याकाळी विलासचा फोन आला. माझ्या फोनवर, स्पीकरवर.

"माय, तू आता पुन्याले ये."

"तुह्या चौथ्या मजल्यावर? तिथं त डोयेवाल्यालेही काई दिसत नाई. समोर भित, मांगं भित."

"मंग थेंब कोन टाकीन तुह्या डोयात?"

"मले काय हात नाईत?"

दोघंही तापले. मी मध्ये बसून चहात चमचा फिरवत होते. शेवटी असं ठरलं की पुढच्या तपासणीपर्यंत, म्हणजे तीन महिने, तिने गावातच राहावं आणि थेंब वेळेवर टाकावे. प्रेशर उतरलं तर घर तिचं, ती घराची. नाही उतरलं तर घराला कुलूप लावून पुण्याला. माय म्हणाली, "मंजूर." जसा काही ग्रामसभेचा ठराव होता.

बाटल्या दोन तऱ्हेच्या होत्या, तीन महिने पुरतील एवढ्या आणून ठेवल्या. एक सकाळी सात आणि संध्याकाळी सात, दुसरी फक्त झोपताना. पहिलीला मी रबर गुंडाळला, दुसरीला लोकरीचा दोरा बांधला. बोटाला कळतं. हे सोपं झालं. पण सात वाजले हे तिला कसं कळावं? भिंतीवरचं घड्याळ तिला पांढऱ्या ताटासारखं दिसायचं. आणि टाकले की नाही हे मला रिसोडला कसं कळावं?

*

विलासने त्याचा जुना टचचा फोन पाठवला. मोठी अक्षरं करून, बोलणारा आवाज चालू करून. फार चांगल्या मनाने पाठवला. पण माय त्यावर बोट फिरवायची आणि तो प्रत्येक जागी काहीतरी बोलायचा. ती गोंधळून आणखी दाबायची. एकदा विलासच्या साहेबाला व्हिडिओ कॉल लागला आणि साहेबांनी मायच्या चुलीवरच्या पत्र्याचं छत बराच वेळ पाहिलं. माय म्हणाली, "काचीवर काय चाचपू? पाटीवर लिहिलेलं पुसल्यावर जशी पाटी, तसा हा फोन." तिचं खरं होतं. बोटाला जिथे खूण लागत नाही ती वस्तू कमी दिसणाऱ्याला उपयोगाची नाही, मग ती कितीही भारी असो.

मग मी बोलणारं मनगटी घड्याळ आणलं. बटण दाबलं की वेळ सांगायचं, पण इंग्रजीत. आणि न दाबताही दर तासाला आपोआप बोलायचं, ते बंद कसं करायचं कोणालाच कळलं नाही. पौर्णिमेला विहारात सगळे डोळे मिटून शांत बसले असताना मायच्या हातातली बाई जोरात इंग्रजी बोलली. म्हातारे दचकले, पोरं खिदळली. मायने घड्याळ काढून शेजारच्या जरीनाभाभीच्या नातीला खेळायला दिलं.

शेवटी मी मायलाच घेऊन वाशीमला गेले, बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात. आधी मी एकटीने दोनदा त्या दुकानासमोरून जाऊन परत आले होते. आत सगळे पुरुष. काय मागायचं ते मनात पाठ केलं होतं, तरी पाय आत पडला नाही. माय सोबत असली की ते सोपं होतं, कारण बोलायचं काम तीच करते.

"बापू, मले आंधयीले चालीन असा फोन दाखव."

दुकानदार तरुण, थट्टेखोर होता. "आजी, तुमी कुठं आंधळ्या? मी किती गोरा हाओ ते सांगा बरं."

"तू गोरा असता तं मले दिसला असता."

सगळं दुकान हसलं. मी पदराने तोंड झाकलं, पण मलाही हसू आलं.

त्याने बटणाचे तीन फोन काउंटरवर ठेवले. मायने डोळे गच्च मिटले आणि म्हणाली, "आता इकडचा तिकडे कर." मग एकेक हातात घेऊन अंगठ्याने चाचपू लागली. जन्मभर तिने विळे असेच घेतले आहेत, धार नंतर पाहायची, आधी मूठ. पहिला फोन फार हलका निघाला, "हातात हाये का नाई तेच समजत नाई." दुसऱ्याची बटणं सपाट, एकमेकांना चिकटलेली. तिसऱ्याची बटणं उंच होती आणि मध्ये फट होती. पाचाच्या बटणावर तिचं बोट थांबलं.

"इथं काई टोचते."

"तो ठिपका हाये आजी. सगळ्याच बटनाच्या फोनवर राह्यते. पाच समजाले."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं फोन वापरला, कधी बोटाने पाहिलाच नव्हता.

तो फोन अंक दाबला की हिंदीत अंक बोलायचा. एक बटण दाबून धरलं की वेळ सांगायचा. आवाज मोठा होता. मी सगळ्यात शेवटी, फार हळू, एक प्रश्न विचारला, चार्जिंगची पिन उलटी लागली तर? दुकानदार म्हणाला, "ताई, चांगलं विचारलं. ह्याची पिन कशीही लावा, लागते." त्या एका वाक्याने मला दिवसभर बरं वाटलं. मायने फोन कमरेच्या चंचीत टाकून पाहिला, चंचीची दोरी ओढली, दोनदा खाली बसून उठली, आणि म्हणाली, "हा चालीन." दीड हजाराच्या आत झाला.

कोणासाठी असा फोन घ्यायचा असेल तर मी एवढंच सांगेन. आपण निवडू नका. ज्याला वापरायचा आहे त्याला दुकानात न्या आणि डोळे मिटून निवडू द्या.

कोणतं बटण दाबून धरलं की कोणाला फोन जाईल, ते दुकानदारानेच लावून दिलं. मायने ठिपक्यावर, म्हणजे पाचावर, मला ठेवलं. विलासला रात्री कळलं तेव्हा तो रुसला.

"मंग मी कुठं?"

"तू तीनवर. वरतं, कोपऱ्यात. दूरच राह्यतं ना तू."

*

आता मिस कॉलचं सांगते, कारण चूक तिथे झाली.

आमच्या घरी पुढच्या खोलीत मामाजी, म्हणजे माझे सासरे, खाटेवर बसलेले असतात. नेटवर्क फक्त त्याच खोलीत येतं. त्यांच्यासमोर मी फोनवर कधी बोलले नाही. त्यांनी मना केलं होतं असं नाही. मलाच जमत नाही. म्हणून मी मायला म्हटलं, "थेंब टाकला की पाच दाबून धर. एक रिंग वाजली की मी कापीन. कापला म्हंजे मले समजलं."

एक रिंग म्हणजे थेंब टाकला. आमच्याकडे मिस कॉलवर कितीतरी कामं चालतात. गाडी सुटली, दूध आलं, पोचलो, सगळं एका रिंगमध्ये. मला वाटलं, याहून सोपं काय असेल? मायला फार बटणं दाबायची नाहीत आणि मला बोलायचं नाही.

सात वाजत आले की माझा जीव खालीवर होई. पोळी तव्यावर असली तरी कान फोनकडे. पाच मिनिटं उशीर झाला की मनात नको ते चित्र, माय पडली असेल, चुलीवर हात पडला असेल. फोन मोरीतही सोबत न्यायचे, कोरड्या फडक्यात गुंडाळून. रेंज गेली की खिडकीत उभी राहायचे. मग रिंग वाजायची, मी कापायचे, आणि संध्याकाळच्या सातपर्यंत श्वास मोकळा व्हायचा. आमच्या यांनी एकदा चिडून म्हटलं, "तुह्या मायच्या डोळ्यात थेंब पडते का तुह्या?"

पण तीन महिन्यांत एकही रिंग चुकली नाही. सकाळी सात, संध्याकाळी सात, झोपताना एक. मी विलासला अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, "मंग जिंकली म्हन ना बुढी."

*

तपासणीच्या दिवशी माय नवं लुगडं नेसून आली होती. प्रेशर मोजलं. मॅडमनी पुन्हा मोजलं. मग विचारलं, "थेंब रोज टाकता ना?"

"रोज," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने मी परक्या माणसासमोर कधी बोलले नसेन.

"बाटल्या आणल्यात?"

मायने चंचीतून काढल्या. मॅडमनी रबरवाली बाटली उजेडात धरली, हलवली, कागदावर उलटी दाबली. काही आलं नाही. दोरावाली दाबली, तीही कोरडी.

"या कधी संपल्या?"

माय भिंतीकडे पाहू लागली.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, उजव्या डोळ्याचं प्रेशर पहिल्याहून वाढलं आहे, असंच राहिलं तर मधली नजरही जाईल. नवीन बाटल्या लिहून दिल्या आणि महिन्याने बोलावलं.

बाहेर बाकावर मायने सांगितलं. हात थरथरतो, म्हणून निम्मे थेंब गालावर जायचे. महिन्याची बाटली पंधरा-अठरा दिवसांत संपायची, म्हणून तीन महिन्यांच्या बाटल्या निम्म्या वाटेतच संपल्या. त्यानंतर दोन वेळा जरीनाभाभीने मंगरुळपीरहून आणून दिल्या, मला सांगायचं नाही अशी मायने तिला शपथ घातली होती. तिसऱ्या वेळी मायला मागायची लाज वाटली.

"किती दिवस नाही टाकले?"

"झाले असतीन बारा-पंधरा."

"आन् फोन?"

"फोन त देत होतो ना तुले. एकही चुकला काय?"

अंधाऱ्या खोलीतलं ते टक टक मला तेव्हा आठवलं. मला एवढा राग आला की मी उठून जिन्यापर्यंत गेले. मागून ती म्हणाली, "सांगतलं असतं त तू विलाससारखीच कुलूप घेऊन आली असतीस."

मी जिन्यात उभी राहून मोजून पाहिलं. रोज तीन रिंगा. त्यातली एकही मी उचलली नाही. पहिल्या रिंगला कापली. एकदा जरी उचलून "टाकला का वं माय?" म्हटलं असतं, तर तिचं खोटं तिच्या आवाजात मला कळलं असतं. तिला माझ्याशी खोटं बोलता येत नाही. बटणाशी येतं. आणि रोज ते कापताना मला बरंच वाटायचं, की बोलावं लागलं नाही.

तेवढ्यात विलासचा फोन आला. मायने सांगायच्या आत मीच सांगितलं. तो म्हणाला, "झालं मंग. सामान बांध. रविवारी येतो मी."

मी म्हणाले, "नको येऊ."

 मला माझाच आवाज ओळखू आला नाही.

"चूक माही हाये," मी म्हणाले. "माय रोज फोन करत होती, मी कापत होतो. मले एक महिना दे. महिन्याने डॉक्टर काय म्हनतीन ते म्हनतीन. तेव्हा मी सोता तिले पुन्याले आनून सोडीन."

"आन् डोया गेला त?"

  मी त्याला म्हटलं, "तुह्याकडे दिवसभर दार लावून बसली तरी थेंब तिलेच टाकाचा हाये, तू ड्युटीवर असशीन."  "एक महिना," तो म्हणाला आणि फोन ठेवला. माय बाकावरून सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "तुले बोलता येते की वं."

*

त्या दिवशी आम्ही लगेच निघालो नाही. मी धीर करून सिस्टरना विचारलं, थेंब टाकायचा कसा, ते आईला शिकवाल का? इतके दिवस कोणी शिकवलंच नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं. सिस्टरनी मायला बाकावर आडवं केलं. बाटलीचा हात कपाळावर टेकवायचा म्हणजे थरथरत नाही. दुसऱ्या हाताने खालची पापणी ओढून झोळी करायची. टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा. आणि बाटली माठाजवळ गार जागी ठेवायची, म्हणजे थेंब आत पडला की थंड लागतो, गालावर पडला तरी कळतो. मायने साध्या पाण्याच्या बाटलीने सहा वेळा करून दाखवलं. चार वेळा आत पडला. तिला शाळेत कोणी कधी शिकवलं नव्हतं. ती फार मन लावून शिकली.

गावी आल्यावर जरीनाभाभीच्या घरी गेलो. भाभी रडवेली झाली. "मैंने बोली थी बाई, बेटी को बता दो. तुमची मायच आयकत नाई ना." आता दर शुक्रवारी बाटली हलवून पाहायचं काम तिने घेतलं आहे. संपत आली की ती मला फोन करते. शपथ घालायची नाही, असं मी मायकडून कबूल करून घेतलं.

मिस कॉल मी बंद केला. आता मायने फोन करायचा आणि मी उचलायचा. तिने फोन स्पीकरवर उशीशी ठेवायचा, आडवं व्हायचं, थेंब टाकायचा आणि पडला की सांगायचं. तोवर मी थांबायचं.

पहिल्या सकाळी सातला फोन वाजला. मामाजी खाटेवर पेपर वाचत होते. माझा हात सवयीने कापायच्या बटणाकडे गेला. दुसरी रिंग. तिसरी.  मामाजींनी पेपर खाली न करताच म्हटलं, "उचल ना बाई. वाजून राह्यला केव्हाचा." मी उचलला. भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "माय?"

"अवं जोरात बोल, आयकू नाई आलं."

मी जोरात बोलले. मामाजींनी पान उलटलं. एवढंच झालं. इतकी वर्षं मी कशाला घाबरत होते, ते मला अजून सांगता येत नाही.

*

महिन्याने प्रेशर उतरलं होतं. बरंच उतरलं होतं. मॅडम म्हणाल्या, असंच चालू ठेवा, पण काळं झालेलं काळंच राहणार. विलासला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बरं, पुढच्या वेळचं पुढं पाहू." कुलूप तेवढ्यापुरतं टळलं आहे. मी निर्धास्त आहे असं नाही. पुढची तपासणी जवळ आली की मला झोप लागत नाही, आणि रिंग पाच मिनिटं उशिरा आली तरी हातातलं काम थांबतं. हे असंच राहणार, असं आता मी धरूनच चालते.

आज सकाळचं लिहून थांबते. सातला फोन आला. मी उचलला. खाट करकरली, बाटलीचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

"पडला का वं?" मी विचारलं.

पूर्वी असती तर ती लगेच "पडला" म्हणाली असती.

"हुकला," माय म्हणाली. "गालावर गेला. थांब, दुसरा टाकतो."

मी थांबले. पोळी तव्यावर करपली, तरी थांबले. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता, थेंबाकडे लक्ष लावलेल्या माणसाचा.

"पडला," ती म्हणाली. "लय थंड हाये बापा. ठेव आता."